पाठ केलेली प्रार्थना

‘आमेन’ हा शब्द आपल्याच तोंडून गेला, हे एनॉक थ्रेलला कळलं ते शेजारचा माणूस फिसकन हसला तेव्हा. तोपर्यंत त्याला वाटत होतं, मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मग दोन-चार माना वळल्या, त्या आपल्याकडेच वळल्या आहेत हे त्याने पाहिलं, आणि त्याची कानशिलं तापली. शेजारी वकिलीचं शिकणारा एक तरणा गृहस्थ बसला होता आणि खेळ सुरू झाल्यापासून अक्रोड फोडत होता. त्याने एनॉकला कोपराने ढोसून अगदी आपुलकीने सांगितलं, “काका, चर्च पलीकडच्या गल्लीत आहे. इथे पैसे देऊन बसतात.” समोर मेणबत्त्यांच्या झुंबराखाली राणी अजून गुडघ्यांवर होती आणि तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं मूल होतं. ही राणी म्हणजे रॉबिन हेझल नावाचा नट आहे, हे एनॉकला चांगलं ठाऊक होतं. टोपीच्या तुऱ्याचं माप द्यायला तो एनॉकच्या पिसांच्या दुकानात यायचा तेव्हा त्याच्या हनुवटीवर निळसर खुंट असायचे. मांडीवरचं मूल म्हणजे चिंध्यांचं गाठोडं, हेही ठाऊक होतं. एवढं सगळं ठाऊक असून एनॉकचे गाल ओले होते, आणि ते कधी ओले झाले हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

तो उठला. लोकांच्या गुडघ्यांवरून, तलवारींच्या म्यानांवरून, एका बाईच्या घेरदार झग्यावरून पाय टाकत, शिव्या खात बाहेर पडला. बाहेर कोळशाच्या धुराने गढूळ झालेली दुपार होती. सरदारांच्या घोडागाड्या गल्लीत अडकल्या होत्या आणि गाडीवान एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. रोज ऐकू येणारा तो गोंगाट आज त्याला बरा वाटला. गाल पुसायला त्याने रुमाल काढला आणि मग वाटलं, कुणी पाहिलं तर? नाटकघरातून थ्रेल रडत बाहेर पडला, ही बातमी घरी जायच्या आधी ब्लॅकफ्रायर्सच्या सगळ्या आवारात पोचली असती. त्याने नाक शिंकरल्यासारखं केलं. सर्दीचं सोंग जमलं, आणि ते इतक्या सहज जमलं याचंच त्याला वाईट वाटलं.

एनॉकचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं. शहामृगाची पिसं आणायची, धुवायची, रंगवायची, वाफेवर धरून बोथट सुरीने त्यांना बाक द्यायचा, विरळ पिसाखाली दुसरं शिवून ते भरगच्च आहे असं दाखवायचं, आणि सरदार-दरकदारांच्या टोप्यांना तुरे पुरवायचे. त्या आवारात असा धंदा करणारी बरीच घरं होती, आणि गंमत अशी की जवळजवळ सगळीच कडव्या धर्मशील मंडळींची होती. स्वतः काळे कपडे आणि साधी गळपट्टी घालायची, आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर मोर नाचवायचा. लोक टोमणे मारत. थ्रेलच्या दुकानात पाप विकत मिळतं आणि वर प्रवचन फुकट मिळतं, असं कोपऱ्यावरचा खानावळवाला म्हणायचा. एनॉक ते मनावर घेत नसे. पीस देवाने केलं आहे, गर्व डोक्याने केला आहे, आणि डोकं काही आपण विकत नाही, असं त्याने मनाशी केव्हाच नक्की करून टाकलं होतं. नाटकवाल्यांनाही तो माल देई. फक्त त्या दारात पाय ठेवायचा नाही हा त्याचा नेम होता. त्यांच्याकडे पेट्या पोचवायला त्याची बायको डॉर्कस जायची. स्वतःचा नेम पाळायला बायकोचे पाय वापरतोय हे त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

आणि आज त्याला नाटकघरात पाठवलं होतं ते त्याच्या चर्चच्या मंडळीनेच. गेली कित्येक वर्षं आवारातले धर्मशील लोक त्या नाटकघराच्या पाठी लागले होते. दुपारी तिथली तुतारी वाजली की चर्चच्या घंटेला कुणी विचारत नाही, पुरुष बायकांचे कपडे घालतात हे पवित्र शास्त्रात उघड निषिद्ध, खोटं बोलणं हाच ज्यांचा धंदा त्यांचं तोंडसुद्धा बघू नये, असं उपदेशक लडलम दर रविवारी सांगत. पण नगरसभेत तक्रार गेली की तिथले लोक विचारायचे, तुमच्यापैकी पाहिलं कुणी? आणि पाहिलेला माणूस मंडळीत निघायचा नाही, निदान कबूल करायचा नाही. तेव्हा लडलम यांनी ठरवलं की एकाने जाऊन डोळ्यांनी बघावं, कानांनी ऐकावं आणि साक्ष द्यावी. माणूस मात्र पक्का हवा. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती एनॉकवर थांबली. “बंधू एनॉक, तुम्हीच जा,” ते हसून म्हणाले होते. “तुमच्यासमोर सैतान नाचला तरी तुम्ही त्याच्या टोपीतलं पीस कुणाच्या दुकानातलं एवढंच बघाल.” सगळे हसले होते. एनॉकलाही बरं वाटलं होतं. कोरडा, खात्रीचा माणूस.

आणि बसल्यावर त्याने अगदी तेच केलं होतं. राणी आली तेव्हा त्याने आधी तिच्या डोक्यावरचा काळा तुरा पाहिला. तुरा त्याच्याच दुकानातला होता, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यावर तांबूस झाक मारत होती. रंग कच्चा राहिला होता. काळा पक्का करणारा मायफळाचा काढा अजून एकदा द्यायला हवा होता, असं तो मनात म्हणत होता, आणि त्याच वेळी राणी खाली बसली. तिने मूल मांडीवर घेतलं, त्याच्या चेहऱ्यावरचं कापड सारखं केलं आणि अगदी हळू, जणू खोलीत दुसरं कुणी नाही अशी बोलायला लागली. देवा, हिला अंधाराची भीती वाटते. हात धरल्याशिवाय ही जिना उतरत नाही. तिथे कुणीतरी हिचा हात धरावा, एवढंच मागते. दुसरं काही मागण्यासारखं माझ्याकडे उरलेलं नाही. बस, एवढंच. यात ना कुठला दाखला होता, ना अलंकार. पण एनॉकचं डोकं तुऱ्यावर होतं आणि कान उघडे राहिले होते. लहानपणापासूनची सवय अशी की कुणी प्रार्थना संपवली की छातीतून शब्द निघणारच. तो निघाला.

आता दुकानाच्या दारात उभा राहून एनॉक तो शब्द उलटसुलट करून बघत होता. आमेन म्हणजे असंच होवो. कुणाला उद्देशून? काय होवो? चिंध्यांच्या गाठोड्याचा हात देवाने धरावा, असं आपण सर्वशक्तिमान परमेश्वराला गंभीरपणे विनवलं. ही थट्टा झाली. की थट्टाही नाही, कारण म्हणताना आपण थट्टा करत नव्हतो. आणि हेच जास्त वाईट. एनॉकच्या मंडळीत एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळायची. प्रार्थना पाठ केलेली नसावी. छापील पुस्तकातून प्रार्थना वाचणारा पाद्री म्हणजे पोपट. आत्मा माणसाच्या ओठांवर त्या क्षणी जे शब्द ठेवतो तीच प्रार्थना, बाकी सगळं तोंडाची वाफ. आणि रॉबिन हेझल तर रोज दुपारी तेच शब्द म्हणत असणार, कालही म्हणाला असणार, उद्याही म्हणेल, आणि पडद्यामागे जाऊन बिअर पिईल. ते शब्द कुणीतरी दुसऱ्याने पैसे घेऊन लिहिलेले. पोपटाचाही पोपट. आणि आपल्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या पोपटाच्या बोलण्याने, ज्या डोळ्यांत आपली पोर पेशन्स गेली तेव्हा आलं नव्हतं.

इथवर आलं की त्याचं मन दरवेळी थबकायचं आणि दुसरीकडे वळायचं. आज ते वळलं नाही. पेशन्स सहा वर्षांची होती. मागच्या वर्षीच्या प्लेगच्या साथीत तिच्या काखेत गाठ आली, दारावर तांबडी फुली रंगवली गेली आणि कुणी बाहेर पडू नये म्हणून पहारेकरी बसला. आत ते तिघेच. डॉर्कस तिचं अंग पुसत होती आणि एनॉक पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होता. मंडळीत त्याच्या प्रार्थनेचं नाव होतं. एनॉकला देवाची देणगी आहे, असं लोक म्हणत; तो बोलायला लागला की शब्द झऱ्यासारखे येत, एकातून दुसरा निघे, इजिप्तपासून जेरुसलेमपर्यंत सगळं त्यात येई. त्या दिवशीही आलं. तासभर आलं. आणि मधेच कुठेतरी, एक लांबलचक वाक्य नीट वळण घेऊन जागच्या जागी येऊन बसलं तेव्हा, त्याला आपलाच आवाज ऐकू आला आणि वाटलं, हे छान जमलं. एक क्षणभरच वाटलं. त्याने मान वर केली तर पेशन्स त्याच्या तोंडाकडे बघत होती, जत्रेत मुलं गारुड्याकडे बघतात तशी. डॉर्कसही बघत होती. मग पोर गेली. त्याने लगेच देवाने दिलं देवानेच नेलं हेही सुंदर शब्दांत म्हटलं, आणि डॉर्कसला सांगितलं की शोक आवर, ही त्याची इच्छा आहे. डॉर्कसने आवरला. तेव्हापासून आवरलेलाच होता.

पुढे लडलम यांनी सांगितलं की साथ ही देवाच्या रागाची खूण, आणि राग कशावर, तर समोरच्या त्या नाचगाण्याच्या घरावर. एनॉकला त्या वेळी केवढा आधार वाटला होता. पोर कुणीतरी मारली होती, आणि त्या कुणालातरी दार होतं, खिडक्या होत्या, तुतारी होती. दुपारी ती वाजली की तो सुरी बाजूला ठेवून तिचा द्वेष करायचा. दिवसभराचं ते एक काम होतं. आणि आज तो तिथेच जाऊन बसला, पैसे देऊन, आणि रडला.

घरात गेला तेव्हा डॉर्कस ताटात हेरिंग मासे वाढत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, सर्दी झाली का. तो हो म्हणाला. तिथे काय पाहिलंत, असं तिने विचारलं नाही. त्याला वाटलं, तिला त्या घाणीचं नावही नको असेल. जेवणाआधी त्याने प्रार्थना म्हटली आणि प्रत्येक शब्द तोलून बघितला. हा आत्म्याने ठेवला की सवयीने? सवयीने, सवयीने, सवयीने, असंच उत्तर येत गेलं. ती मासळीतले काटे काढत होती. काटे काढून बाजूला ठेवलेला एक बारीक तुकडा तिच्या ताटाच्या कडेला तसाच होता. पेशन्ससाठी काढायची तसा. तो तुकडा तिने मग स्वतःच खाल्ला.

पुढचे दोन दिवस एनॉकचे हाल कुत्रा खाईना असे झाले. साक्ष शनिवारी दुपारी लडलम यांच्या घरी व्हायची होती, नगरसभेतले दोन गृहस्थ ऐकायला येणार होते. घोडागाड्या, शिव्या, बायकी कपडे एवढंच सांगावं आणि आमेन गिळून टाकावं, असं एकदा ठरायचं. मग तो अक्रोडवाला डोळ्यांसमोर यायचा. उद्या त्यानेच कुठे सांगितलं तर? आणि त्याने नाही सांगितलं तरी देवाने ऐकलं होतं. त्याहून खोल एक भीती होती आणि ती त्याला नीट उच्चारताही येत नव्हती. तारण्यासाठी देवाने ज्यांना आधीच निवडलंय, त्या निवडलेल्यांचं काळीज त्याच्याच हाताने ओलावतं. ज्याचं काळीज वर्षभर खडखडीत कोरडं राहतं आणि सैतानाच्या घरात जाऊन पाझरतं, तो निवडलेला कसा असेल? मग आपण कोण? पिसांना वाफ देताना तो मनाशी प्रार्थना करून बघायचा. शब्द येत होते. नेहमीसारखे भराभर येत होते, आणि ते आले की त्याला धडकी भरायची. सुरी घसरून त्याने एक चांगलं पांढरं पीस कापलं. डॉर्कसने ते दुसऱ्याखाली शिवून टाकलं. शेवटी त्याने ठरवलं की सगळं खरं सांगायचं. आमेनही, रडणंही. साधं सांगायचं, अडखळत का होईना.

शनिवारी लडलम यांची खोली भरली होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि खिडकीशी नगरसभेचे दोघे, तोंडं जांभया दाबल्यासारखी. एनॉक उभा राहिला आणि पहिली चार वाक्यं खरंच अडखळला. मग त्याने तुऱ्याचं सांगितलं, कच्च्या रंगाचं, आणि कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. पुढचं सगळं त्याच्याच्याने थांबलं नाही. तो राणीचं सांगू लागला, आणि आवाज हळू केला, तशी सगळी खोली पुढे झुकली. खोली झुकली हे त्याने पाहिलं. त्याने प्रार्थनेचे शब्द सांगितले. देवा, हिला अंधाराची भीती वाटते. तेवढ्यात खिडकीशी बसलेल्यांपैकी एकाने हात वर केला.

“थांबा. ‘देवा’ म्हणाला? असं स्वच्छ नाव घेतलं?”

“घेतलं. या कानांनी ऐकलं.”

“शपथेवर सांगाल?”

“सांगेन,” एनॉक म्हणाला.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांच्या जांभया पळाल्या. नाटकात देवाचं नाव घ्यायचं नाही, असा कायदा होऊन काही वर्षं झाली होती. घेतलं तर जबर दंड होता. तुतारी आणि घोडागाड्यांच्या तक्रारी कुणी मनावर घेत नव्हतं, पण ही गोष्ट वेगळी. असल्या साक्षीवर ते घर बंद करा म्हटलं तर कुणाला नाही म्हणता येणार नाही, असं तो गृहस्थ लडलम यांच्या कानाशी म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. लडलम यांचे डोळे भरून आले. त्यांनी एनॉकला पुढे बोलायची खूण केली, आणि एनॉक बोलला. आमेनचं सांगितलं. एक बाई हुंदका देऊन रडली. मग रडण्याचं सांगितलं, आणि मग, का आपण रडलो ते सांगण्याआधी, तो थांबला. शांतता पूर्ण पिकेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, “माझी पेशन्स.” एवढेच दोन शब्द. बायकांच्या बाकावरून रडण्याची लाटच आली. लडलम उठून म्हणाले, बघा, हा ओकाच्या खोडासारखा माणूससुद्धा तिथे हलला, तर आपल्या लेकरांचं काय होईल? त्यांनी एनॉकला मिठी मारली. ते मनापासूनच बोलत होते. त्यांच्या खांद्यावरून एनॉकने पाहिलं, तर बायकांच्या बाकावर डॉर्कसची जागा रिकामी होती आणि दार नुसतंच लोटलेलं होतं.

घरी जाताना लोक हात हातात घेत होते. देणगी, देणगी, असं म्हणत होते. एनॉक हात सोडवून घेत होता. खरं सांगायला उभा राहिलो होतो आणि खरंच सांगितलं, यात खोटं काय होतं? आणि तरीही मधे एका जागी तो थांबला होता, रॉबिन हेझल थांबला असता तसा. फरक इतकाच की रॉबिनच्या मांडीवर चिंध्या होत्या.

डॉर्कस मागच्या खोलीत होती. चुलीवर पाणी खदखदत होतं आणि ती एक काळं पीस वाफेवर धरून उभी होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “तिचं नाव घेतलंत.”

“मला खरं सांगायचं होतं, डॉर्कस.”

“खरंच होतं ते. वर्षभर या घरात तोंडातून निघालं नाही, आणि तिथे निघालं. आणि काढण्याआधी थांबलात. सगळे बघतायत ना, ते बघितलंत.”

एनॉक स्टुलावर बसला. आपण नाही म्हणावं असं त्याला वाटलं, पण नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर तेही छान जमलं असतं, याची त्याला भीती वाटली. मग आवाज न लावता, जमिनीकडे बघत त्याने विचारलं, “ती गेली तेव्हा मी रडलो नाही. तिथे रडलो. माझ्यात काय बिघडलंय?” हे वाक्य मोडकंतोडकं निघालं. डॉर्कसने पहिल्यांदा मान वळवली.

“काय म्हणाला तो राणी झालेला पोरगा? तिथे सांगितलंत तसं नको. नुसतं म्हणा.”

“देवा, हिला अंधाराची भीती वाटते,” एनॉक म्हणाला. “हात धरल्याशिवाय...”

“देवा नाही,” डॉर्कस म्हणाली. “आभाळा.”

“काय?”

“तो देवा म्हणत नाही. म्हणायची बंदीच आहे त्यांना. ‘आभाळा, हिला अंधाराची भीती वाटते.’ तुम्ही देवा ऐकलंत. तुम्हाला ते ऐकायचं असेल.”

एनॉकला आधी एवढंच समजलं की आपण खोटी साक्ष दिली. पवित्र शास्त्रातल्या दहा आज्ञांतली एक, जी लहान पोरालाही पाठ असते, ती आपण भरल्या घरात, शपथेची तयारी दाखवून मोडली. त्या नटाने आभाळाला हाक मारली होती आणि देव आपण आपल्या पदरचा घातला होता. मग हळूहळू, पायातून थंडी वर चढावी तसं, दुसरं त्याच्या ध्यानात आलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पीस उलटं करून वाफेवर धरलं.

“तुला कसं ठाऊक?”

“पेट्या पोचवायला कोण जातं, अहो?” ती म्हणाली. आवाजात चोरी नव्हती, राग नव्हता, नुसता थकवा होता. “पहिल्यांदा पाय दुखत होते म्हणून टेकले. पडद्यामागे टोप्यांचा पेटारा असतो, त्यावर. तेवढ्यात त्याचं ते सुरू झालं. मग तो खेळ असेल त्या दिवशी मी पेट्या नेते. तिथे एक आई रडते आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. देवाची इच्छा म्हणत नाही. ती रडते तोवर मी रडून घेते. मग घरी येऊन स्वयंपाक करते.”

एनॉकला काहीतरी म्हणायचं होतं आणि एकही शब्द येईना. त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तिची रडायची जागा एवढीच होती, पेटाऱ्यावरची, आणि ती त्याने आज दुपारी आपल्या एका शब्दाने बंद करून टाकली होती. तो उठला. त्याने खुंटीवरची टोपी काढली. जाऊन सांगायला हवं होतं की चुकलं, त्याने देवाचं नाव घेतलं नाही. आणि ते विचारणार होते, बंधू, तुम्हाला आता कुणी सांगितलं? खेळ तर तुम्ही एकदाच पाहिलात. नाटकघरात जाणाऱ्या बाईला मंडळीत जागा नसते. बाजारात तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्या हातचं कुणी घेत नाही, मेली तर खांदा देताना लोक विचार करतात.

“विचारतील, कुणी सांगितलं,” तो म्हणाला.

“विचारतीलच.”

“मग काय सांगू?”

“माझं नाव सांगा. नाव घ्यायला येतं की आता.”

तो टोमणा त्याला लागला, आणि लागला ते बरं वाटलं. तो दाराकडे वळला. डॉर्कसने वाट अडवली नाही, पण म्हणाली, “थांबा जरा. असेच गेलात तर तिथे पुन्हा चुकाल. पुन्हा तुमचं काहीतरी मधे घालाल. आधी पहिल्यापासून म्हणा. चुकलं तर मी सांगते.”

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने टोपी पोटाशी धरली. “आभाळा,” तो म्हणाला, “हिला अंधाराची भीती वाटते. हात धरल्याशिवाय ही जिना...” तिथे तो अडला. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा जिन्यापाशीच अडला. डॉर्कसने हातातलं पीस खाली ठेवलं आणि पुढचे शब्द सांगितले, आणि ते तो तिच्यामागून एकेक करून, जसेच्या तसे म्हणत गेला.